'ऊन' प्रत्यय आणि बचावाचा हक्क : दुखापतीच्या फिर्यादीच्या गद्याची मीमांसा

मराठी गद्याच्या अभ्यासात बखर, आज्ञापत्र, निबंध, चरित्र यांना स्थान मिळाले. परंतु ज्या गद्यावर दररोज कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते, त्या पोलिसठाण्यातील फिर्यादीच्या गद्याकडे समीक्षकाची दृष्टी फारशी वळलेली नाही. हे गद्य रुक्ष आहे, ठोकळेबाज आहे, म्हणून ते वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचे, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. दुखापतीच्या आरोपाविरुद्धचा जो प्रमुख बचाव कायद्याने मान्य केला आहे, तो घटनेच्या कालक्रमावर उभा आहे. आणि फिर्यादीची रूढ मराठी वाक्यरचना नेमका तो कालक्रमच पुसून टाकते. म्हणजे प्रश्न शैलीचा असला तरी परिणाम न्यायाचा आहे.

प्रथम कायद्याची मांडणी ध्यानात घेऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेने दुखापतीची जी उतरंड लावली, तीच १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने, काही फरकांसह, कायम ठेवली आहे. साधी दुखापत केल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत (कलम ११५). जबर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत (कलम ११७). घातक हत्याराने जबर दुखापत केल्यास किमान एक वर्ष, आणि कमाल दहा वर्षे किंवा जन्मठेप (कलम ११८). जबर दुखापतीचे आठ प्रकार कायद्याने मोजून दिले आहेत. दृष्टी किंवा श्रवण जाणे, अवयव निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्या पंक्तीला हाड मोडणे आणि दात पडणेही आहे. आठव्या प्रकारातील तीव्र वेदनांची वीस दिवसांची अट नव्या संहितेने पंधरा दिवसांवर आणली. या सर्वांवर उतारा म्हणून कलमे ३४ ते ४४ यांत खाजगी संरक्षणाचा हक्क सांगितला आहे. जुन्या संहितेतील ९६ ते १०६ ही कलमे ती हीच.

या हक्काचे मर्म एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द 'काळ' हा होय. शरीराला धोका असल्याची वाजवी भीती उत्पन्न होताच हक्क सुरू होतो; प्रत्यक्ष वार अंगावर पडेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. भीती टिकते तोवर हक्क टिकतो. भीती सरली की हक्कही सरतो. शिवाय संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निर्णयात न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर यांनी हे दोन्ही काठ स्पष्ट केले. संकटात सापडलेल्या माणसाचे प्रत्युत्तर सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, हा एक काठ. आणि हल्लेखोर पळू लागल्यावर त्याच्यावर केलेला वार संरक्षणात मोडत नाही, हा दुसरा. तेव्हा आधी काय झाले, मग काय झाले, त्या 'मग'च्या क्षणी समोरच्याच्या हातात काय होते, याच प्रश्नांच्या उत्तरांत बचाव राहतो.

संहितेच्या कर्त्यांनी 'अ' आणि 'य' अशी नावे घेऊन दृष्टान्त रचण्याची जी पद्धत रूढ केली, तिचा आधार घेऊन एक कल्पित दृष्टान्त रचू. स्थळ माथेरान घेतो, कारण तेथे मोटारींना बंदी असल्यामुळे वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढचा प्रवास पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने होतो, आणि प्रवाशासाठी चढाओढ होणे तेथे स्वाभाविक आहे. समजा, 'अ' आणि 'य' या दोन घोडेवाल्यांत प्रवासी घेण्यावरून बोलाचाली झाली. 'य'ने 'अ'च्या खांद्यावर चाबूक मारला आणि दुसऱ्यांदा उगारला. 'अ'ने हातातली काठी फिरवली. ती 'य'च्या मनगटावर बसून हाड मोडले व चाबूक गळून पडला. 'य' वळला, तेव्हा 'अ'ने आणखी एक काठी त्याच्या पाठीवर हाणली. तेथे वळ उमटला.

कालक्रम राखून पाहिल्यास या घटनेचा निवाडा विलक्षण आहे. मनगटाचा अस्थिभंग ही जबर दुखापत. परंतु चाबूक उगारलेला असताना ती झाली, म्हणून ती हक्काच्या आत येण्याचा संभव मोठा. पाठीवरचा वळ ही साधी दुखापत. परंतु धोका संपल्यावर ती झाली, म्हणून ती हक्काच्या बाहेर. मोठी इजा क्षम्य, लहान इजा दंडनीय. 'अ' ज्या प्रमाणात दोषी आहे त्या प्रमाणातच त्याला शिक्षा व्हावी, अशी इच्छा असेल तर हा क्रम जसाच्या तसा न्यायासनापर्यंत पोचला पाहिजे.

आता 'य' फिर्याद देतो. ठाण्यातील रूढ शैलीत ती साधारणपणे अशी उतरेल : 'यातील आरोपीने प्रवासी घेण्याच्या कारणावरून फिर्यादीस शिवीगाळ करून, दमदाटी करून, हातातील काठीने मनगटावर व पाठीवर मारहाण करून जबर दुखापत केली.' वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि त्यातील एकही विधान सर्वस्वी खोटे नाही. तरीही घटना नाहीशी झाली आहे. हे कसे घडले?

याचे उत्तर 'ऊन' प्रत्ययात आहे. 'येऊन दोन वर्षे झाली' यासारखे काही प्रयोग वगळता, मराठीत 'ऊन'प्रत्ययान्त धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असतो. 'करून, करून, करून केली' अशी साखळी एकदा सुरू झाली की तिच्या सर्व कड्या एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. मधे दुसऱ्याची कृती घालावयास व्याकरणच जागा ठेवीत नाही. 'य'ने चाबूक मारला, हे सांगावयाचे तर वाक्य तोडावे लागेल, नवा कर्ता आणावा लागेल, 'तेवढ्यात', 'त्यावर', 'मग' यांसारखे शब्द योजावे लागतील. साखळी हे टाळते. शिवाय 'मनगटावर व पाठीवर' या एका 'व'ने दोन वारांमधील अंतर मिटवले. आणि ज्या अंतरात हक्क संपला ते अंतरच कागदावरून गेले. आता सारी घटना एकरस जबर दुखापत आहे, आणि शिक्षेची कमाल मर्यादा सात वर्षे.

दुसरे स्थळ 'मारणे' या धातूचे. मराठीत तो ताडन आणि हनन या दोन्ही अर्थी चालतो. 'तुला मारीन' हे भांडणातील वाक्य बहुधा पहिल्या अर्थाचे असते. लेखणीखालून जाताना मात्र ते 'जीवे ठार मारण्याची धमकी देऊन' असे होऊ शकते, आणि वाराला 'जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने' हे शेपूट जोडले की दुखापतीचा आरोप कलम १०९ खालील खुनाच्या प्रयत्नापर्यंत चढतो. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बळराम बामा पाटील या १९८३ च्या निर्णयाने स्पष्ट केले आहे की, त्या गुन्ह्यासाठी इजा प्राणघातक असलीच पाहिजे असे नाही. कृतीमागचा उद्देश किंवा जाणीव पाहावयाची. तत्त्व योग्यच आहे. पण उद्देश जेथे निर्णायक, तेथे उद्देशवाचक शब्द बोलणाऱ्याचा आहे की लिहिणाऱ्याचा, हा प्रश्नही निर्णायक ठरतो. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर इंग्रजी भाषांतरकाराला दोन क्रियापदांतून एक निवडावे लागते, आणि मूळ वाक्यातली संदिग्धता तेथे कायमची संपते.

या ठिकाणी रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, इतिहासातील एक प्रसंग विचारात घेण्याजोगा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची खोटी आवई उठली, आणि परिषदेस आलेल्या अस्पृश्य प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला. अनेक जण जखमी झाले. त्या क्षणी प्रतिकाराचा हक्क प्रतिनिधींकडे होता, आणि संख्याबळही कमी नव्हते. डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना आवरले. या संयमाची नैतिक थोरवी सर्वपरिचित आहे. त्याची न्यायशास्त्रीय बाजू तितकी विचारात घेतली जात नाही. प्रतिहल्ला झाला असता तर दुसऱ्या दिवशी कागदावर 'दोन गटांत हाणामारी' एवढेच उरले असते, आणि कोण जेवत बसला होता व कोण काठी घेऊन आला होता हा क्रम लोपला असता. तो लोपला नाही, म्हणून हल्लेखोर आणि पीडित यांतील रेषा स्वच्छ राहिली. परंतु प्रत्येक भांडणात असा बॅरिस्टर हजर नसतो, आणि मार खाऊनही हात न उगारण्याची अपेक्षा कायदाही सामान्य माणसाकडून करीत नाही.

न्यायालयांनी या गद्याच्या दोषांवर काही उपाय योजले आहेत. संरक्षणाच्या अपवादाचा पुरावा देण्याचा भार आरोपीवर असला तरी तो संशयातीत सिद्धतेचा नाही. त्याची कथा अधिक संभाव्य वाटली तरी पुरे. आरोपीने हा बचाव उघडपणे मांडला नसला तरी पुराव्यातून तो निघत असल्यास त्याचा विचार करता येतो, असे मुनशी राम प्रकरणात ठरले. लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य (१९७६) या निर्णयाने आरोपीच्या अंगावरील जखमांचा खुलासा सरकार पक्षाने न करणे महत्त्वाचे मानले. परस्परविरोधी फिर्यादी असल्यास दोन्ही खटले एकाच न्यायाधीशाने लागोपाठ ऐकावेत, पण प्रत्येकाचा निकाल त्या त्या पुराव्यावर द्यावा, असे नाथी लाल प्रकरणात (१९९०) सांगितले गेले. हे सर्व उपाय पुसलेला क्रम पुन्हा उभा करण्याचे आहेत. पण 'अ'च्या खांद्यावरचा वळ वेळीच डॉक्टरांनी नोंदवला नाही, तर काही दिवसांत तो मावळतो. मग उभे करावयास काही उरत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. फिर्याद ही कथा नव्हे; ती तपासाला गती देणारी सूचना आहे, आणि ठाण्यातील अंमलदाराला कलमाचे सर्व घटक थोड्या वेळात कागदावर आणावयाचे असतात; तेव्हा ठोकळे अपरिहार्य आहेत. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. मात्र ठोकळ्यांचा फटका एकट्या आरोपीला बसत नाही. पाच साक्षीदारांचे जबाब एकाच वाक्यात उतरले की उलटतपासात ते पढवलेले ठरतात. लेखनिकाने गाळलेला महत्त्वाचा तपशील साक्षीदाराने न्यायालयात खरेपणाने सांगितला, तरी ती 'सुधारणा' म्हणून त्याच्यावरच उलटते. खऱ्या जखमीचा खटला अशा रीतीने त्याच्या तोंडी घातलेल्या भाषेमुळे पडू शकतो. आणि आदिवासी वाडीतील माणसाची बोली ठाण्याच्या प्रमाणभाषेत उतरताना हा धोका वाढतो. कायद्याप्रमाणे वाचून दाखवलेली फिर्याद त्याला आपली वाटतेच असे नाही, तरी अंगठा किंवा सही तीवर होते.

स्थलकालाच्या वर्णनाबाबतही हेच म्हणता येईल. फिर्यादीस झालेला विलंब हा बचावाचा नेहमीचा मुद्दा. पण पावसाळ्यातील माथेरानात जखमीला नाक्यापर्यंत आणि तेथून घाटाने खाली न्यावयास किती वेळ लागला, हे लिहिले नसेल तर न्याय्य विलंब आणि रचलेली कथा यांतील भेद कळत नाही. पंचनाम्यात 'रक्तमिश्रित माती' जप्त केल्याचे लिहितात. तेथील जांभ्याची माती मुळातच तांबडी असल्याने तुलनेसाठी घेतलेल्या साध्या मातीचा नमुना आणि रासायनिक तपासणी यांना तेथे विशेष महत्त्व येते. धुक्यात आणि दाट झाडीत साक्षीदाराने किती पावलांवरून पाहिले, हा प्रश्नही ठोकळ्यात बसत नाही.

याच्या तुलनेत संहितेतील मूळ दृष्टान्तांचे गद्य पाहावे. आपल्याला प्रवेशाचा हक्क असलेल्या घरात 'अ' रात्री शिरतो. 'य' त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून त्याच्यावर हल्ला करतो. 'य'चा गुन्हा नाही, तरीही 'अ'ला प्रतिकाराचा पूर्ण हक्क आहे. दोन निरपराध माणसे परस्परांवर धावून जातात आणि दोघांचीही बाजू चार ओळींत शाबूत राहते, कारण प्रत्येक कृतीला तिचा स्वतःचा कर्ता दिला आहे. संक्षेप आणि क्रम यांचा विरोध नाही, हे यावरून सिद्ध होते. आपल्या दृष्टान्तातील फिर्यादही तितक्याच थोड्या शब्दांत लिहिता येते : 'मी त्याला चाबूक मारला. पुन्हा उगारला, तेव्हा त्याने मनगटावर काठी मारली. माझा चाबूक पडला. मी वळलो. मग त्याने पाठीवर मारले.' फिर्यादी हे आपण होऊन सांगेलच असे नाही. पण 'त्याआधी तू काय केलेस?' आणि 'मग काय झाले?' हे दोन प्रश्न विचारून मिळालेले उत्तर स्वतंत्र वाक्यांत उतरवण्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात व्याकरण शिकवले जाते आणि गद्यशैलीही. या दोन्हींची कसोटी पाहणारे गद्य तालुक्याच्या न्यायालयात दररोज वाचले जात आहे, आणि 'मग' हा शब्द तेथे कोणाला तरी सहा वर्षांच्या फरकाने पडतो.