शुक्रतारा आणि कूलर

पूर्वी नागपुरात माणूस निवृत्त झाला की सकाळी अंबाझरीला फिरायला जाई आणि संध्याकाळी रक्तदाबावर बोले. आता तो कॅरिओके गातो. रविवारी कुठल्याही सभागृहात डोकावून बघा. बँकेचे माजी मॅनेजर झुळझुळीत कुर्ता घालून उभे असतात, एका हातात माईक, दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलवर गाण्याचे शब्द. शब्दांवरची नजर ढळली की ताल ढळतो, म्हणून प्रेक्षकांकडे बघायची सोय नाही. किशोर, रफी, मुकेश अशी रांग सरकत असते. मध्येच निवेदिका आवाज हळवा करून म्हणते, "आणि आता एक मराठी युगुलगीत." जाणत्याने तेवढ्यावरून ओळखावं की आता शुक्रतारा उगवणार.

प्रश्न असा की हाच का उगवतो? हे गाणं साठच्या दशकाच्या आरंभीचं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, म्हणजे वेंगुर्ल्याचे. चाल श्रीनिवास खळ्यांची, ज्यांचं बालपण बडोद्यात गेलं. गायले इंदूरचे अरुण दाते आणि त्यांच्याबरोबर दिल्लीत जन्मलेल्या, पंजाबी घरातल्या सुधा मल्होत्रा. मराठी मध्यमवर्गाच्या या प्रेमगीतात पुण्याचं कोणी नाही, ही गोष्ट नागपूरकर आवर्जून सांगतो. नागपूरचंही कोणी नाही, ही तो सांगत नाही.

लोक म्हणतात, जुन्या आठवणींमुळे गाणी टिकतात. मला हे पटत नाही. त्याच रेडिओवर, त्याच संध्याकाळी, त्याच खाटेवर बसून आम्ही शेकडो भावगीतं ऐकली. आठवणी सगळ्यांना सारख्याच चिकटलेल्या होत्या. त्यातली बहुतेक गाणी आज नाव घेतल्याशिवाय आठवत नाहीत, आणि नाव घेतल्यावर आठवली तरी पुढची ओळ येत नाही. आठवणच गाण्याला तारत असती तर ही सगळी बुडाली का?

काही गाणी पंचांग टिकवतं, हे खरं. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, पण आषाढी एकादशीला त्यांचा अजून एकदाही खाडा नाही. 'अष्टविनायक' हा सिनेमा १९७९चा, त्यातलं गणपतीचं गाणं दर भाद्रपदात कामावर रुजू होतं. दीक्षाभूमीवर तर गाण्यांचा सबंध बाजार एका दिवसाभोवती उभा राहतो. अशा गाण्यांना कायमची नोकरी असते. त्यांची लायकी कमी, असं मुळीच नाही. शिंद्यांच्या गळ्यातली ती मोकळी हाक तिथीशिवायही उभी राहिली असती. पण शुक्रताऱ्याला तिथी नाही. खुद्द शुक्राचंही काही खरं नसतं; काही महिने संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, काही महिने पहाटे पूर्वेला, मधले काही दिवस कुठेच नाही. राहिला वारा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की नागपुरात मंद वारा फक्त कूलरमधून येतो, तोही टाकीत पाणी असेल तर. असं असूनही त्या कूलरच्या घरघरीचा तंबोरा करून लोक हे गाणं म्हणतात. म्हणजे गाण्यातलं हवामान आपल्याकडे असावंच लागतं असं नाही.

मला विचाराल तर गुपित दात्यांच्या आवाजात आहे. तो आवाज गायकासारखा नाही. रागावू नका, मी स्तुतीच करतो आहे. दाते पेशाने वस्त्रोद्योगातले इंजिनीअर, तरुणपणी ओढा उर्दू गझलेकडे. त्यांच्या स्वरात एक बारीक कंप आहे. शास्त्रोक्त कान तो दोष म्हणून नोंदवील. पण तो कंप कुणाचा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मनातलं एक वाक्य आठ दिवस घोकून, शर्टाची वरची गुंडी लावून, समोर जाऊन "जरा बोलायचं होतं" म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. पुढे याला नोकरी लागेल, प्रॉव्हिडंट फंड कापला जाईल आणि हा जन्मात पुन्हा असं काही बोलणार नाही.

आमच्या पिढीतल्या पुरुषांनी बायकोला "भाजीत मीठ बरोबर आहे" याच्यापुढे प्रेमाचं काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. रफीसाहेबांच्या आवाजात सांगायचं तर कश्मीर लागतं, शिकारा लागतो. किशोरकुमारसारखं सांगायचं तर अंगात ते वारं लागतं. दात्यांच्या आवाजात मात्र धरमपेठेतल्या दोन खोल्यांतूनही सांगता येतं. मोठा गायक ऐकताना आपण म्हणतो, काय गातो! हे गाणं ऐकताना आपण काहीच म्हणत नाही, कारण आपल्या वतीने बोलणं चालू असतं.

पण नुसती आपुलकी असती तर गाणं वापरून वापरून विटलं असतं. दात्यांचंच उदाहरण घ्या. जगण्यावर प्रेम करायला सांगणारं त्यांचं तितकंच गाजलेलं गाणं निरोपसमारंभांत इतकं वापरलं गेलं, की सुरावट कानावर पडताच मला शाल आणि श्रीफळ दिसू लागतात. त्यात सल्ला आहे, आणि सल्ला माणसं दुसऱ्याला देऊन मोकळी होतात. शुक्रतारा असा देऊन टाकता येत नाही, आणि याला कारण खळे. खळ्यांची चाल दारातून "या, या" म्हणते. आत गेल्यावर कळतं की जिना आहे, कठडा नाही, आणि मध्येच एक पायरी जरा उंच आहे. मुखडा कुणालाही येतो. अंतऱ्यात ओळ संपायच्या आत श्वास संपतो. मग माणूस पुढच्या रविवारी पुन्हा प्रयत्न करतो. साठ वर्षं महाराष्ट्र पुढच्या रविवारी पुन्हा प्रयत्न करतो आहे.

गिरणीतल्या माणसाला यातलं मर्म पटकन कळेल. कापड घट्ट हवं, पण अंगाला टोचायला नको. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली; तिच्या जागेवर आता मॉल आहे आणि तिथे मिळणारे शर्ट तिसऱ्या धुण्याला रंग सोडतात. त्या मानाने या कापड-इंजिनीअरचा माल पक्का निघाला. दाते २०१८ साली गेले. 'शुक्रतारा' याच नावाच्या त्यांच्या मैफली हजारांच्या घरात झाल्या, शेजारी गाणाऱ्या गायिका बदलत गेल्या, गाणं तेच राहिलं.

गायिकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, टीकाकारांनी त्या बाजूकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही. मूळ तबकडी नीट ऐका. कंप फक्त पुरुषाच्या आवाजात आहे. सुधा मल्होत्रांचा स्वर सरळ आणि स्थिर लागतो. त्यांनी १९५९च्या 'दीदी' सिनेमात स्वतः चाल लावून गायलेलं गाणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही बाई घाबरणाऱ्यांपैकी नाही हे ठाऊक असेल. तो चाचरत विचारतो, तिला उत्तर आधीपासून माहीत आहे. मराठी घरातली वस्तुस्थिती इतक्या अचूकपणे दुसऱ्या कुठल्या भावगीताने टिपली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांचा रोज संध्याकाळी सराव असतो. अंतऱ्याशी आले की थांबतात. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "गाणं सोपं आहे हो, श्वासच पुरून नाही राहिला ना बाप्पा!" डॉक्टरांना दाखवलं, कूलरची दिशा बदलली, माईक नवा आणला. वहिनी स्वयंपाकघरात असतात. त्यांच्याकडे मोबाईल नाही, शब्द नाहीत, कुर्ताही नाही. त्यांची ओळ आली की त्या आतूनच घेतात, मध्ये कुकरची शिट्टी झाली तर थांबून गॅस बारीक करतात आणि जिथे सोडली तिथून ओळ पुढे नेतात. यांचा ट्रॅक तोवर पुढे निघून गेलेला असतो.