मेघदूतातल्या दोन टेकड्या

नागपूरच्या इतवारी स्टेशनवरून रामटेकच्या पॅसेंजरमध्ये बसणारी माणसं दोन ओढींनी निघतात. एक गडमंदिरातल्या रामाच्या दर्शनाची, दुसरी टेकडीवर दिवसभर हिंडण्याची. एकाच पिशवीत पूजेचा नारळही असतो आणि जेवणाचा डबाही. ‘मेघदूत’ वाचताना ही माणसं माझ्या डोळ्यांपुढे येतात. कालिदासाने या दोन ओढींना दोन निरनिराळ्या टेकड्या दिल्या आहेत आणि दोन्हींवर सारखीच माया केली आहे.

पहिली टेकडी रामगिरी. टीकाकार मल्लिनाथाला हा चित्रकूट वाटला. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी मात्र तो रामटेकच असल्याचं साधार मांडलं, आणि मला ते पटतं. इथे शापित यक्ष एकटा राहतो. तो इतका वाळला आहे की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं आहे. आषाढात त्याला शिखराला बिलगलेला मेघ दिसतो, एखादा हत्ती खेळात तटाला धडका देत असावा तसा. मेघाहाती पत्नीला धाडायच्या संदेशाला अजून अवकाश आहे. आधी यक्ष मेघाला सांगतो, या डोंगराला मिठी मारून त्याचा निरोप घे. याच्या उतारांवर रामाची पावलं उमटली आहेत, आणि तुझी भेट होते तेव्हा हाही दीर्घ विरहाचे ऊन अश्रू ढाळतो.

ही कल्पना विदर्भातल्या माणसाला पुस्तकात शोधावी लागत नाही. उन्हाळाभर तापलेल्या खडकावर पहिली सर कोसळली की वाफ उठते. कालिदासाने ती वाफ पाहिली आणि डोंगरालाही विरही करून टाकलं. स्वतःचं दुःख सांगण्याआधी यक्षाला दुसऱ्याचं दुःख दिसतं, म्हणून मला तो आवडतो. काव्याच्या मंदाक्रांता वृत्ताची चालही इथे साथ देते: आधी चार गुरू अक्षरं जड पावलांनी पडतात, मग पाच लघू भरभर धावतात. निघवत नाही आणि निघायचं तर आहे, अशी ती लय.

दुसरी टेकडी विदिशेजवळची, नीचै नावाची. ही शहराची टेकडी. मेघाने तिथे विसावा घ्यायचा आहे. त्याच्या स्पर्शाने फुललेल्या कदंबांमुळे टेकडीच्या अंगावर रोमांच उभे राहतात. तिथल्या शिलागृहांतून सुगंध दरवळतो आणि नगरातल्या तरुणांचं बेभान यौवन सांगत राहतो. इथे कवीची खरी करामत आहे. गुहेत तो कोणालाच दाखवत नाही. माणसं येऊन गेली आहेत, उरलाय तो वास. आणि हे सांगतोय कोण? बायकोपासून वर्षभरासाठी तुटलेला माणूस! त्याच्या बोलण्यात ना असूया, ना नाक मुरडणं. उलट पुढच्याच श्लोकात तो मेघाला फुलं वेचणाऱ्या, घामेजलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर क्षणभर सावली धरायला सांगतो.

नीचै म्हणजे विदिशेजवळची उदयगिरी, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या एका लेण्यात दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला, इ. स. 401-02 चा लेख आहे. याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची राणी. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचं नगरधन. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. उदयगिरीच्या कातळात भव्य वराह कोरला आहे, रामटेकच्या टेकडीवरही वाकाटककाळातला वराह उभा आहे. बापाची टेकडी आणि लेकीची टेकडी, दोन्हींवरून एकच मेघ जातो, हे कळल्यावर त्या श्लोकांमधलं अंतर मला फार कमी वाटू लागलं.

रामगिरी आसवांनी भेटते, नीचै रोमांचांनी. दोन्ही टेकड्या मेघाला अंगानेच ओळखतात. पावलांनी पावन झालेली वरची आणि गुहांमध्ये शृंगार जपणारी खालची, अशी प्रतवारी कालिदास लावत नाही. यक्षाची घाई खरी आहे, पत्नी अलकानगरीत दिवस मोजते आहे. तरी नीचैवरचा विसावा झाल्यावर तो मेघाला म्हणतो, उत्तरेकडे जाताना वाट वाकडी होईल खरी, पण उज्जयिनीचे महाल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.