शोधणारा आणि सापडणारा

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपडीत व पदपथावर निजलेल्या गोरगरिबांची रात्री हत्या करणाऱ्या रमन राघवला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी पकडले. त्याच्या नावाचा आधार घेऊन अनुराग कश्यप यांनी २०१६ साली 'रमन राघव २.०' हा चित्रपट केला. कथा मात्र स्वतंत्र आहे.

अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला येथे धक्का बसतो. खुन्याचा माग काढणारा पोलीस अधिकारी स्वतःच व्यसनी व हिंसक आहे आणि खुनी त्याच्यात आपला जोडीदार ओळखतो.

हे चित्रण आम्हांस खोटे वाटत नाही. पाप केवळ शेजाऱ्याच्या घरी राहत नाही, ही आपल्या श्रद्धेचीच शिकवण. चेस्टरटनचे फादर ब्राऊनही खुन्याला आधी स्वतःच्या अंतःकरणात शोधतात. पण तेथून ते नम्रतेकडे वळतात व गुन्हेगाराला पश्चात्तापाची वाट दाखवतात. कश्यप यांचा अधिकारी अधिकच अंधारात उतरतो.

याहून मोठी उणीव मृतांविषयीची. बहिणीच्या घरातील दीर्घ प्रसंग सोडता, मेलेली माणसे या दोघांच्या नात्याला केवळ निमित्त ठरतात. देवाने काइनाला संरक्षणाची खूण दिली, तसाच हाबेलाच्या रक्ताचा आक्रोशही ऐकला. खऱ्या रमनची फाशी मनोरोगामुळे १९८७ साली जन्मठेपेत बदलली, हे योग्यच झाले. पण हाबेलाची आठवण कोणी ठेवायची? देवगाव रंगारीच्या परिसरातूनही ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उघड्यावर निजतात. अशा माणसांचा जीव जिच्यात मोलाचा ठरेल, ती रहस्यकथा आम्हांस हवी आहे.