सायकलीवरील वायुवेगमापक : अंशशोधनाचा प्रश्न

१९९८ साली जेम्स मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील सायकलचालनास लागणाऱ्या शक्तीचे गणिती प्रतिरूप मांडले, आणि वायुरोधाचा विचार वातविवराबाहेर करता येतो हे सिद्ध झाले. हँडलापुढे पिटो नलिका बसवून वायुरोध-क्षेत्र चालता चालता वाचता येते, हा त्यापुढील दावा होय. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि तो ज्या अंशशोधन-गुणकावर उभा आहे, त्याची चिकित्सा क्वचितच होते.

मोजावयाची राशी किती अल्प आहे हे प्रथम पाहावे. सेकंदास १० मीटर वेगाला गतिक दाब अवघा ६० पास्कल भरतो. वायुवेगात २ टक्के चूक झाली तर दाबात ४ टक्के होते, आणि ०.२५ चौरस मीटर वायुरोध-क्षेत्र ०.०१ ने ढळते. बैठकीतील सुधारणेने होणारा लाभ पुष्कळदा याहून मोठा नसतो.

गुणक ठरविण्यासाठी एकाच रस्त्यावर जाऊन परत यावे, म्हणजे वाऱ्याचा परिणाम फिटतो, असे सांगतात. वारा स्थिर असल्यास वेगाच्या सरासरीत तो फिटतो. दाबाच्या सरासरीत मात्र फिटत नाही, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. स्वार १० मीटरने जात असता वारा ३ मीटरचा असेल, तर दोन फेऱ्यांचे वर्ग १६९ व ४९. त्यांची सरासरी १०० नव्हे, १०९ येते. शिवाय समोरच्या वाऱ्यात फेरीस अधिक वेळ लागतो. म्हणून सरासरी वेळेवर न काढता अंतरावर काढली पाहिजे. बंदिस्त धावपट्टीवर वारा नसतो खरा, पण फेऱ्या घालणारा स्वार हवेलाच आपल्याबरोबर फिरवू लागतो!

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. स्वाराच्या देहामुळे पुढील हवा मंदावते, व नलिका त्या मंदावलेल्या हवेतच असते. गुणक ही मंदता भरून काढतो. परंतु बैठक बदलली की मंदताही बदलते. म्हणजे ज्या दोन बैठकींची तुलना करावयाची, त्यांपैकी एकीचा गुणक दुसरीस लावला जातो, आणि हवेच्या प्रवाहातील फरक वायुरोधातील फरक म्हणून नोंदला जातो. केवळ तुलनाच हवी, निरपेक्ष मूल्य नको, हा बचाव येथे टिकत नाही. प्रत्येक बैठकीचे अंशशोधन स्वतंत्रपणे करणे व अखेरीस पहिल्या बैठकीकडे परत येऊन मूल्य पुन्हा मिळते का हे पाहणे, एवढाच मार्ग उरतो. तो कंटाळवाणा आहे. उपकरणाबरोबरच्या सूचनापत्रकांना तो रुचण्यासारखा नाही.

एक साधी कसोटी सुचविता येईल. देहापासून व नलिकेपासून दूर, बाजूस काढलेल्या दांडीवर १० सेंटीमीटर व्यासाचा गुळगुळीत चेंडू लावावा. दांडी दोन्ही वेळा तशीच ठेवून चेंडूसह व चेंडूविना फेऱ्या कराव्यात. चेंडूचे वायुरोध-क्षेत्र सुमारे ०.००४ चौरस मीटर असते. पुनरावृत्त फेऱ्यांत ही वाढ ज्या उपकरणास दिसत नाही, त्याने शिरस्त्राणांची तुलना दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत छापू नये.