संशोधन पद्धती आणि नीती : विषय दोन की एक?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत 2023-24 पासून पदव्युत्तर पहिल्या वर्षाला 'संशोधन पद्धती' हा चार श्रेयांकांचा विषय सक्तीचा झाला. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यात फारसे नवे नाही. चल, गृहीतक, नमुना, सार्थकता हे शब्द त्यांच्या तोंडी आधीपासून असतात. माझी तक्रार वेगळी आहे. या विषयात पद्धतीला सगळे पान वाढले जाते आणि नीतीला पानाच्या कडेला लोणचे वाढावे तेवढी जागा मिळते. शेवटच्या प्रकरणात संमती, गोपनीयता, फसवणूक टाळणे अशी कलमे येतात; विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळा होतो.

उदाहरणेही ठरलेली असतात. 1961-62 मधले मिलग्रॅमचे येल विद्यापीठातले विजेच्या धक्क्यांचे प्रयोग आणि 1971 मधला झिम्बार्डोचा स्टॅनफर्डचा तुरुंग. दोन्ही महत्त्वाची आहेत, पण ती वाचून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की अनीती म्हणजे काहीतरी भयंकर, अमेरिकेत घडलेले. आपण तर नुसती प्रश्नावली वाटतो, त्यात कोणाला काय इजा होणार?

तेव्हा प्रश्नावलीकडेच पाहू. एम.ए.च्या प्रकल्पाचा नेहमीचा साचा असा : साठ मुलगे, साठ मुली, एक प्रमाणित चाचणी, दोन सरासऱ्या, टी-चाचणी. चाचणी बेकची नैराश्य प्रश्नावली आहे असे समजा. (ती बहुधा झेरॉक्स केलेली असते. स्वामित्वहक्काचा प्रश्न कोणी काढत नाही.) 1996 च्या आवृत्तीत 21 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 13 पर्यंत आली तर नैराश्य 'किमान' समजायचे. यातला नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांविषयी आहे. आता एका मुलीने नवव्या प्रश्नाला 3 गुणांचे, म्हणजे सर्वांत गंभीर उत्तर दिले आणि बाकी प्रश्नांतून तिला 9 गुण मिळाले. बेरीज 12. तक्त्यात ती 'किमान नैराश्य' या गटात जाते, साठ मुलींच्या सरासरीत मिसळते आणि दिसेनाशी होते. गणित बिनचूक आहे. पण तो कागद हातात असलेल्या विद्यार्थ्याने काय करायचे?

उत्तरे खरी यावीत म्हणून त्याने नावे घेतलेली नाहीत. म्हणजे पद्धतीच्या सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाने मदतीचा रस्ता बंद केला. नावे घेतली असती तर कदाचित तिने 0 वर खूण केली असती. ही गाठ शेवटच्या प्रकरणातली कलमे वाचून सुटत नाही, कारण ती नमुना आणि साधन निवडतानाच पडलेली असते. निनावी प्रश्नावली वाटायची तर मदत कोठे मिळेल याचा कागद सगळ्यांनाच द्यावा लागतो. सांकेतिक क्रमांक ठेवायचा तर गोपनीयतेचे वचन कधी मोडावे लागेल हे संमतीपत्रातच लिहावे लागते, आणि कागद त्याच दिवशी तपासावे लागतात. दोन्हींपैकी काहीच करता येत नसेल, तर ते साधन त्या प्रकल्पाला योग्य नाही.

याच्या तुलनेत आपल्याच जिल्ह्यातला एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालवला; 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा त्याचा कणा. या परिसरात मिशेल केरमोड आणि सहकाऱ्यांनी 2007 च्या अखेरीस मानसिक आजारांविषयी लोकांच्या समजुतींची पाहणी केली. तीत 240 गावकरी आणि 60 आरोग्यसेविका होत्या, आणि निष्कर्ष 2009-10 मध्ये प्रसिद्ध झाले.

या पाहणीत 'तुम्हाला नैराश्य आहे का' असे विचारलेले नाही. एका काल्पनिक व्यक्तीची लक्षणे गोष्टीसारखी सांगायची आणि हिला काय झाले असावे, कशामुळे, काय केले म्हणजे बरे वाटेल, असे विचारायचे. एक गोष्ट नैराश्याची, दुसरी तीव्र मनोविकाराची. ही रीत ऑस्ट्रेलियातल्या अँथनी जॉर्म यांनी रूढ केली आणि तेही या कामात सहभागी होते. यातली पद्धतीची बाजू उघड आहे. ज्या गावात 'डिप्रेशन' ऐवजी 'कशात मन लागत नाही' म्हणतात, तिथे आजाराचे नाव घेऊन विचारलेला प्रश्न निकामी ठरतो. आणि त्याच युक्तीने उत्तर देणाऱ्याला स्वतःचे दुःख अनोळखी माणसापुढे, कदाचित सासूच्या देखत, उघडे करावे लागत नाही. एकाच निर्णयाने दोन्ही साधले आहे.

म्हणून हा अभ्यास निर्दोष समजावा असे मात्र नाही. त्याचा एक निष्कर्ष असा की लोकांनी कारणे म्हणून मुख्यतः सामाजिक-आर्थिक अडचणी सांगितल्या. दैवी वा भुताखेतांच्या कारणांना फारसा दुजोरा मिळाला नाही. वाचून बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणूनच थांबले पाहिजे. जवळजवळ चार दशके आरोग्यशिक्षण झालेल्या भागात शिकल्या-सवरल्या पाहुण्याला कोणते उत्तर आवडेल हे गावकऱ्याला चांगले कळते. घरी आजार आल्यावर तो पहिल्यांदा कोठे जातो हा वेगळा प्रश्न आहे, आणि गोष्टीवरच्या प्रश्नाने तो सुटत नाही. आकड्यांचेही तसेच. 240 जणांत निम्म्यांनी एखादे मत दिले तर त्यात अधिकउणे सुमारे 6 टक्क्यांची अनिश्चितता असते. 60 सेविकांच्या बाबतीत ती जवळपास 13 टक्क्यांवर जाते. दोन गटांतला लहानसा फरक पाहून निष्कर्ष काढायची घाई करू नये. मौखिक परीक्षेत संमतीची व्याख्या विचारण्याऐवजी असा एखादा शोधनिबंध पुढे ठेवून अर्धा तास बोलायला लावले, तर विद्यार्थ्याला काय आले आणि काय नाही ते ताबडतोब कळेल.

नियमांची उणीव आपल्याकडे नाही. मुंबईच्या 'सेहत' संस्थेने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वे 2000 सालीच प्रसिद्ध केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत वर्तनशास्त्रीय संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याचे 99 वे कलम मनोरुग्णांच्या नुसत्या मुलाखतीलाही संमती लागते असे सांगते.

शाळेतल्या वाचकांचा या सगळ्याशी संबंध येतो, कारण या प्रश्नावल्या पुष्कळदा शाळेतच येतात. कोणी माजी विद्यार्थी पत्र घेऊन येतो, मुख्याध्यापक 'नववी ब चा तास मोकळा आहे' म्हणतात, आणि बाई वर्गात उभ्या असताना मुले कागद भरतात. बाईंसमोर 'मी भरणार नाही' म्हणणारे मूल मी अजून पाहिलेले नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही. मुख्याध्यापकांची सही या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा पत्र घेऊन येणाऱ्याकडून आधी प्रश्नावली मागून घ्यावी आणि सगळे प्रश्न स्वतः वाचावेत. मुले लिहीत असताना शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबावे, कोरा कागद परत द्यायची मुभा आहे हे आधी सांगावे. नवव्या प्रश्नासारखा प्रश्न असेल तर ते कागद कोण, कधी वाचणार आहे हे विचारावे आणि 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे.