शिबिर उठल्यावर हलगी कुणाकडे?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात साइडर आहे. कविता करतो. शाळा नववीत सुटली, बाकीचं वाचन तिसरी पाळी करून आल्यावर झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्यातलं कुणी कलेवर बोलायला लागलं की 'तुमचा अभ्यास काय?' असं विचारणारे पुढं येतातच. माझा अभ्यास म्हणजे माझी वस्ती. तिच्यात कार्यक्रम घेऊन कोण आलं, काय देऊन गेलं आणि काय घेऊन गेलं, एवढाच हिशोब इथं मांडतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इचलकरंजीच्या वस्तीत एक संस्था आली. नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी पद्धत तीच असते. विहाराच्या भिंतीवर फ्लेक्स लागला, तीन दिवसांचं नाट्यशिबिर. पोरं खूश, आम्हीही खूश. खोटं कशाला बोला? पहिल्या दिवशी ताईंनी आवाज कसा लावायचा, श्वास कुठून घ्यायचा हे शिकवलं. ते खरंच चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता तुमचं जगणं करून दाखवा." एका पोरानं क्रेन चालवून दाखवली. त्याला क्रेनवाला व्हायचंय. ताई म्हणाल्या, "छान आहे, पण हे तुझं नाही. तुझ्या घरातलं दाखव." आणि त्याला दारुड्या बापाचं काम दिलं.

त्याचा बाप दारूच्या थेंबाला शिवत नाही. माझ्याच पाळीला असतो. शेवटच्या दिवशी तो पुढंच बसला होता. पोरगं झिंगत होतं, बायकोला मारत होतं, पाहुणे टाळ्या वाजवत होते, फोटो निघत होते. बाप मान खाली घालून उठून गेला. रात्री खात्यात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. कारण संस्थेला विहार उघडून देणारा मीच होतो.

मित्रांनो, आमच्यात दारू नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि त्यावर नाटक झालंच पाहिजे. पण आमचं दुःख कुठलं आणि आमचं स्वप्न कुठलं, हे तिसराच माणूस ठरवणार असेल तर ती कला आमची कशी? क्रेनसुद्धा त्याच्या घरातलीच होती. त्याच्या डोक्यात होती.

आता जुना हिशोब बघा. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला. पुढं त्याच्या जलशांनी तमाशाचाच घाट घेतला आणि भटशाहीवर, सावकारीवर बोट ठेवलं. १९३० नंतरच्या काळात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यात रडगाणं नव्हतं. एक पात्र जुन्या रूढीची बाजू घ्यायचं, दुसरं त्याला सवालात पकडायचं. मढी ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे लोकांनी हसत हसत ऐकलं. पेपर वाचता येत नव्हता त्या माणसापर्यंत बाबासाहेबांची चळवळ अशी पोचली. आणि जलसा बघून दुसरीकडे नवे जलसे उभे राहिले. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. जलशानं बघणाऱ्याला करणारा बनवलं.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहून गावोगाव गात फिरले. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही दोन पात्रांची एकांकिका. सेट नको, लाइट नको, दोन पोरं आणि मोकळी जागा बस्स झाली. असलं काम वस्तीला पेलतं, म्हणून ते वस्तीत राहतं.

आणि राहतं म्हणूनच त्याची भीती वाटते. पुण्यातल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०१३ साली अटक झाली, २०२० साली पुन्हा झाली. तीन दिवसांचं शिबिर घेऊन गेलेल्यांना असं काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांना अनुदान मिळतं. यातून काय समजायचं ते समजा.

आता आपली बाजू. संस्थेला शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या जयंती कमिटीचं काय? पूर्वी चौदा एप्रिलच्या रात्री गायन पार्टी बसायची, सवाल-जवाब पहाटेपर्यंत चालायचे. आता वर्गणीचा मोठा वाटा डीजेला जातो. गायन पार्टीला अर्धा तास, तोही साहेबांच्या सत्काराआधी माणसं जमेपर्यंत. डीजेच्या ठरावाला मीसुद्धा हात वर केलाय. पोरं खवळतील म्हणून घाबरलो. मग तीन दिवसांची संस्था येते आणि आम्ही तिला कलेचे उपकार म्हणून विहार उघडून देतो. आपण रिकामी केलेली जागा कुणीतरी भरणारच की.

संस्थांनी येऊच नये असं माझं म्हणणं नाही. श्वास घ्यायला ताईंनीच शिकवलं, ते विसरणार नाही. पण यायचं तर वर्षभर या. नाटकाचा विषय वस्ती ठरवेल. फोटो काढायच्या आधी आईबापाला विचारा. आणि जाताना वाद्यं गाडीत घालून नेऊ नका. त्या शेवटच्या संध्याकाळी आठवीतली एक पोरगी हलगी वाजवत होती, हात चांगला बसत होता. गाडी निघाली तेव्हा तिच्या हातातून हलगी मागून घेतली. संस्थेची होती ना!

या महिन्यात आम्ही सात जणांनी पाळीवर पैसे काढून हलगी आणली. दर रविवारी पहिली पाळी सुटल्यावर विहारात बसतो. ती पोरगी येते. क्रेनवाला पोरगा येतो. त्याला आता क्रेनचंच नाटक करायचंय. क्रेनवर बसलेल्या माणसाला वरनं सगळी वस्ती दिसते, तर तो काय बोलेल, हे आम्ही जुळवतोय. त्याच्या बापाला मी दोनदा बोलावलं. अजून आला नाही. पुन्हा जाणार आहे.

येत्या जयंतीला डीजेचा ठराव आला तर माझा हात खाली राहील. तुमच्या वस्तीत काय करणार, ते तुम्ही ठरवा.

जय भीम.