‘फेफरे येणे’ आणि ‘अपस्मार असणे’ : एक पदविचार

आकडी, फेफरे, घुरे, मिरगी, झटका, फिट आणि अपस्मार हे शब्द आपल्या कोशांत बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. ही मांडणी सदोष आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे. कोशकारांनी नाम पाहिले. त्याबरोबर येणाऱ्या क्रियापदाकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नाही.

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावचे बोलणे घ्यावे. ‘पोराला आकडी आली’, ‘फिट आली’, ‘फेफरं आलं’ ही तेथील स्वाभाविक वाक्ये होत. अपस्मार मात्र ‘येत’ नाही. तो ‘होतो’, ‘असतो’ किंवा ‘जडतो’. जे येते ती घटना आणि जो असतो तो रोग, हा भेद बोलीने क्रियापदाच्या द्वारे कसोशीने पाळला आहे. फेफरे म्हणजे अपस्मार, असे समीकरण मांडून कोश तो पुसून टाकतात.

काळाचा भेदही असाच अर्थवाही आहे. ‘फिट आली’ आणि ‘फिट येते’ ह्यांतील अंतर म्हणजे जवळजवळ वैद्यकीय निदानच होय. तात्कालिक कारणावाचून निदान २४ तासांच्या अंतराने दोन झटके आले म्हणजे सामान्यतः अपस्मार मानावा, असे आधुनिक वैद्यक सांगते. सहा महिने ते पाच वर्षे ह्या वयात निव्वळ तापामुळे येणारी आकडी हा अपस्मार नव्हे.

दुसऱ्या बाजूने, चरकसंहितेतील ‘अपस्मार’ ह्या पदाची व्युत्पत्ती स्मृतीच्या लोपाकडे निर्देश करते, आचक्यांकडे नव्हे. म्हणूनच अंग न हलता मूल काही क्षण शून्यात पाहत राहते, त्या अवस्थेला हे नाव साजते. ‘आकडी’ साजत नाही. परिणामी असे मूल शाळेत केवळ दुर्लक्षी ठरते व उपचारावाचून राहते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहाची एक अपात्रता ठरली होती. १९९९ मध्ये ती वगळण्यात आली. कायद्यातून शब्द गेला, तरी स्थळे पाहताना तो अजून बोलतो. लहानपणी एकदा तापात आकडी आलेल्या मुलीला ‘फेफरे आहे’ असे म्हटले की तिच्या पदरी आयुष्यभराचा रोग पडतो. कोरियन भाषेने तर ह्याच कलंकापायी रोगाचे जुने नावच टाकून नवे घडविले.

मराठीला नव्या नावाची तितकी निकड नाही. घटनेस ‘झटका’, स्नायूंच्या हालचालीस ‘आचके’ आणि रोगास ‘अपस्मार’ अशी वाटणी करावी. ‘झटका’ हृदयविकारासही लागतो. सबब लेखनात ‘अपस्माराचा झटका’, ‘तापातील झटका’ असे विशेषण अवश्य द्यावे. तसेच ‘मिरगीवाला’ ह्यासारखी, रोगालाच माणसाचे नाव करणारी रूपे शासकीय व वैद्यकीय लेखनातून वर्ज्य करावीत. परिभाषाकारांनी बोलीतील क्रियापदे आधी ऐकावी, मग नामे ठरवावी, हेच अंती श्रेयस्कर होय.